जुन्या कचेरीची किंमत कागदावर कशी आणायची

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं पोलीस ठाणं होतं. काळ्या चिऱ्यांचं जोतं, वर वीट-चुन्याच्या दीड हात रुंद भिंती, समोर सागवानी खांबांचा व्हरांडा, माथ्यावर कवेलू, म्हणजे कौलं. एका दिवाळीच्या सुट्टीत जेसीबी आला आणि तीन दिवसांत जागा साफ झाली. नंतर माहितीच्या अधिकारात कागद मागवले, तेव्हा कळलं की फाइल दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. तिच्यात इमारतीबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या: आयुर्मान संपलेले, घसारा वजा जाता मूल्य निरंक. खाली सही, आणि विषय 'निर्लेखन', म्हणजे इमारत सरकारी नोंदीतून काढून टाकणं.

त्या फाइलवर सही करणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे तेवढाच कागद होता. इमारत पाडू नये असं सांगणारा एकही कागद गावानं दिला नव्हता, मीही नाही. सरकारी दप्तरात इमारतीची किंमत म्हणजे बांधकामाचा खर्च वजा घसारा, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ती शून्य होणारच. दुसरी किंमत असते ती आपण लिहून द्यावी लागते. ती आपोआप कुठल्याही रकान्यात येत नाही.

ठाणं गेल्यावर आम्ही चार-पाच जण जुन्या तहसील कचेरीच्या मागे लागलो. ती आज उभी आहे. त्या कामात जे शिकलो ते इथं क्रमानं मांडतो. कचेरी, डाकबंगला, विश्रामगृह, जुना दवाखाना, पोस्ट, वनखात्याचा नाका, कशालाही हा क्रम लागू पडेल.

पायरी १ : जागा कुणाची, इमारत कुणाची, ताबा कुणाचा

गावात विचारलं तर उत्तर एकच, 'सरकारची'. पण सरकार म्हणजे एक घर नव्हे. जमीन महसूल खात्याची, इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदवहीत आणि आत बसलेलं कार्यालय तिसऱ्याच खात्याचं, असं नेहमी असतं. आपण तहसीलदारांकडे अर्ज घेऊन जातो, ते म्हणतात बांधकामकडे जा, बांधकामवाले म्हणतात जागा आमची नाही. या फेऱ्यांत सहा महिने जातात, म्हणून आधी कागद.

विदर्भात शहर-कसब्यांतली पुष्कळ सरकारी जागा नझूल, म्हणजे सरकारच्या मालकीची बिनशेती जागा, आहे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून नझूल शीट आणि मालमत्ता पत्रक काढा. गावठाणाबाहेरची इमारत असेल तर सातबारा. मग बांधकाम उपविभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं कधीही लिहू नका, उत्तर 'माहिती विस्तृत आहे' असं येतं. नेमकं मागा: इमारत नोंदवहीतल्या संबंधित पानाची प्रत, बांधकामाचं नोंदलेलं वर्ष, गेल्या दहा वर्षांतल्या दुरुस्तीचा खर्च, संरचनात्मक तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव असल्यास त्याची संपूर्ण टिपणीसह प्रत. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. निर्लेखनाची फाइल सुरू झाली आहे की नाही, यावर तुमच्याकडे दोन वर्षं आहेत की दोन महिने, हे ठरतं.

नोंदवहीतलं बांधकामाचं वर्ष मात्र प्रमाण मानू नका. बऱ्याचदा ते वही नव्यानं लिहिली गेली तेव्हाचं, किंवा शेवटच्या मोठ्या दुरुस्तीचं असतं. खरं वय इमारतीलाच विचारायचं.

पायरी २ : इमारत वाचणं

आत जाण्याआधी लेखी परवानगी घ्या. ठाणं, कोषागार, कोठडी असलेल्या जागेत परवानगीशिवाय मोबाइल काढलात तर पुढचं सगळं काम नासतं.

पहिल्या दिवशी माप नाही, फोटो नाही. फक्त बाहेरून तीन फेऱ्या मारायच्या आणि आतून एक. जोत्यापासून सुरुवात करा. पश्चिम विदर्भात, म्हणजे बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळकडे, जोतं बहुधा काळ्या पाषाणाचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दगड बदलतो, वाळूचा दगड दिसू लागतो. चिरे घडीव आहेत की ओबडधोबड, दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी) चुन्यानं भरलेल्या आहेत की नंतर सिमेंट थापलंय, ते लिहून घ्या.

जोत्यावर किंवा आवारातल्या एखाद्या दगडावर इंग्रजी 'जी.टी.एस.' (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) आणि 'बी.एम.' (बेंच मार्क) अशी अक्षरं कोरलेली दिसतात का, हे मुद्दाम शोधा. चुन्याचे थर चढल्यामुळे ती झाकली जातात. हात फिरवला की बोटाला लागतात. हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा उंची मोजण्याचा खुणेचा दगड. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजत जाणाऱ्या लोकांना न हलणारी जागा हवी असायची, म्हणून ते कचेरी, डाकबंगला, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी खूण कोरत. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही अक्षरं, त्याचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली याच कामावर असताना हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथंच आहे. तुमच्या कचेरीच्या जोत्यात असा दगड असेल, तर तो नुसता दगड म्हणून मलब्यात जाणार नाही, हे टिपणात पहिल्या पानावर घ्या.

मग छपराखाली जा. वय ठरवायला छप्पर फार उपयोगी. कवेलू देशी, हातानं वळलेले अर्धगोल आहेत की साच्यातले मंगलोरी? मंगलोरी असतील तर एक उलटा करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे तसा कवेलू त्याआधीचा असूच शकत नाही. लोखंडी तुळई असेल तर तिच्या अंगावरही नाव असतं. 'टाटा' दिसलं तर ती तुळई १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं ते तेव्हा. विलायती नाव असेल तर बहुधा आधीची. अर्थात कवेलू आणि तुळया बदलल्या जातात. एका खुणेवर विसंबू नका, तीन-चार खुणा एकमेकींना दुजोरा देतायत का ते बघा. कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), वासे सागवानाचे आहेत का, खिळे मारलेत की लाकडी खुंट्या, जोडांवर सुतारानं कोरलेल्या आकड्यांच्या खुणा आहेत का, तेही पाहा. कैची आधी जमिनीवर जुळवून, खुणा करून, मग वर चढवत. त्या खुणा आजही वाचता येतात.

आमच्या कचेरीत मला सगळ्यांत जास्त अडवून धरलं ते एका भोकानं. तहसीलदारांच्या इजलासाच्या, म्हणजे सुनावणीच्या, खोलीत, व्हरांड्याकडच्या भिंतीत, डोक्याच्या वर हातभर अंतरावर बांगडीएवढं भोक. आतून त्याला सागाची चौकट, आणि चौकटीच्या खालच्या कडेला घासून पडलेली गुळगुळीत खाच. ती पंख्याच्या दोरीची. आत छताला कापडी पंखा टांगलेला, दोरी भिंतीतून बाहेर, आणि बाहेर व्हरांड्यात एक माणूस भर उन्हाळ्यात बसून ती ओढतोय. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला त्या खाचेची खोली कळेल. ती खाच मी मोजली: पाऊण इंच. सागवान पाऊण इंच झिजायला दोरी किती वर्षं ओढली असेल! त्या माणसाचं नाव कुठल्याही कागदात सापडलं नाही. त्याचा तेवढाच पुरावा उरलाय, आणि तो पुरावा भिंतीसकटच राहू शकतो.

असं काही ना काही प्रत्येक इमारतीत असतं. भिंतीतली घोडा बांधायची कडी. खजिन्याच्या खोलीचं दुहेरी दार. शेतसारा भरायची, छातीइतक्या उंचीची खिडकी. पर्जन्यमापकाचा ओटा. पायऱ्यांच्या मधोमध पडलेली झीज. या गोष्टींची वेगळी यादी करा.

भिंतीचा रंगही वाचता येतो. कोपऱ्यातली, कुणाच्या नजरेत न येणारी दोन बोटं जागा निवडा आणि ब्लेडनं हलक्या हातानं थर खरवडा, पायऱ्या पायऱ्यांनी. वर ऑइल पेंट, खाली डिस्टेंपर, त्याखाली नीळ टाकलेली चुन्याची सफेदी, कधी त्याखाली गेरू किंवा पिवळी माती. पुढे रंग द्यायची वेळ आली की मूळचा रंग कोणता यावर वाद होत नाही.

पायरी ३ : मापं आणि फोटो

पन्नास फुटी टेप, वही, दोन माणसं, एक सकाळ. एवढं पुरतं. मापं फूट-इंचात घ्या, मीटरमध्ये नको. ज्यांनी बांधलं त्यांनी फूट-इंचात बांधलं, त्यामुळे भिंत दीड फूट, खोली सोळा बाय वीस, असे सुटसुटीत आकडे येतात आणि कुठं नंतर भिंत घातली ते लगेच उघडं पडतं. भिंतींची जाडी दारात उभं राहून मोजा. नकाशा सुबक नसला तरी चालेल, फक्त उत्तर दिशा दाखवा आणि प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. पुढे प्रत्येक फोटोवर, प्रत्येक टिपणावर तोच क्रमांक.

फोटो चारही बाजूंनी सकाळी नऊच्या आत. नंतर आपल्याकडचं ऊन इतकं पांढरं होतं की भिंतीवरचे भेग-पोपडे दिसत नाहीत. लहान वस्तूचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. फोटोच्या फाइलला तारीख आणि खोली क्रमांक द्या. मूळ फाइली व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तिथं त्या दबून बारीक होतात.

पायरी ४ : दप्तर

इथं विदर्भाचं एक वेगळेपण लक्षात ठेवलं नाही तर माणूस चुकीच्या गावात कागद शोधत बसतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा भाग भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आला आणि १८६१ पासून मध्य प्रांतात होता. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि मध्य प्रांताला थेट १९०३ मध्ये जोडला गेला. त्याआधीची वऱ्हाडची कागदपत्रं हैदराबादच्या रेसिडेन्सीमार्फत फिरत. पुढे १९५६ पर्यंत आपण सगळेच जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे तुमच्या कचेरीच्या एकाच दुरुस्तीचा कागद नागपुरात असेल, भोपाळात असेल किंवा दिल्लीत.

पहिलं ठिकाण नागपूरचं पुराभिलेखागार. ओळखपत्र आणि कामाचा हेतू लिहिलेला अर्ज घेऊन जा. दुसरं, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ, घरी बसून शोधता येतं. तिसरं, गॅझेटिअर. वऱ्हाडचं जुनं गॅझेटिअर १८७० चं, ए. सी. लायल यांनी तयार केलेलं. मध्य प्रांताचंही त्याच वर्षीचं आहे, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जिल्हावार गॅझेटिअरं निघाली. तालुक्याच्या गावाच्या नोंदीत शेवटी 'येथे तहसील, ठाणे, दवाखाना व सराई आहे' अशा अर्थाचं एखादं वाक्य असतं. १८७० मध्ये ते नाही आणि नंतरच्यात आहे, तर इमारत मधल्या काळातली. एवढ्या एका वाक्यानं आमचं निम्मं काम झालं.

शोधताना जुनी नावं वापरा. वाशिम 'बासिम' म्हणून सापडेल, अचलपूर 'एलिचपूर', चंद्रपूर 'चांदा'. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत 'वून' या नावानं नोंदलेला आहे. आणि जिल्ह्याची मुख्य ठिकाणं कुठून कुठं गेली ते बघाच. सिरोंचा १८७४ पर्यंत अपर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, मग तो भाग चांद्याला जोडला गेला. बासिम आणि एलिचपूर १९०५ पर्यंत जिल्हे होते. वर्ध्याचं मुख्य ठिकाण १८६६ मध्ये पालकवाडीला आलं, त्याआधी ते पुलगावजवळ कवठ्याला होतं. लहान गावात एवढी मोठी सरकारी इमारत कशी, या प्रश्नाचं उत्तर अनेकदा अशा बदलात दडलेलं असतं.

कचेरीच्या स्वतःच्या अभिलेख कक्षालाही विसरू नका. मध्य प्रांताच्या बाजूला बंदोबस्ताच्या (जमिनीचा सारा ठरवतानाच्या) मिसली, वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रकं आहेत. गावातल्या तलावावर, कुरणावर, जळणावर कुणाचा काय हक्क, हे त्यात लिहिलंय. मालगुजारी (इंग्रजी अमलातली जमीनदारीसारखी पद्धत) १९५१ मध्ये गेली, पण माजी मालगुजारी तलावांचे प्रश्न आजही याच कागदांवर सुटतात. काही कागद मोडीत असतील. मोडी येत नाही म्हणून सोडून देऊ नका, फोटो काढून ठेवा, वाचणारा नंतर मिळतो. विश्रामगृह असेल तर जुनी भेटवही विचारा. तिच्यात कोण कधी उतरलं, छप्पर गळतं म्हणून कुणी तक्रार लिहिली, सगळं सापडतं.

पायरी ५ : माणसं

कागदाच्या आधी माणसाकडे जायला हवं होतं, हे मला उशिरा कळलं. आम्ही दप्तरात चार महिने घालवले आणि तेवढ्यात ज्यांना सांगता आलं असतं असे दोघं वारले.

ऐंशीच्या पुढची माणसं शोधा. त्यांना इमारतीत घेऊन या, घरी बसून विचारू नका. आम्ही एका आबाजींना नातवाच्या मोटारसायकलवरून कचेरीत आणलं. घरी त्यांना काहीच आठवत नव्हतं. इथं पायरीशी आले, थांबले, काठीनं दुसऱ्या पायरीवर टकटक केलं आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याच पायरीवर माहा बाप तीन दिवस बसून होता. दुष्काळाचा अर्ज घेऊन. घरून भाकर आनली होती बांधून, तिसऱ्या दिवशी ते बी सरली." मग ते तासभर बोलले. कोणत्या खिडकीत चपराशी बसायचा, लिंबाखाली अर्जनवीस कुठं बसायचे, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या कुठवर लागायच्या.

बायकांना विचारायला विसरू नका. कोतवालाच्या, चपराशाच्या घरच्या बायकांनी या आवारात संसार केलेत. विहिरीला पाणी कधीपर्यंत होतं, ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येकाचं बोलणं त्यांच्याच बोलीत उतरवा, सुधारू नका, आणि छापायचं असेल तर त्यांची संमती घ्या.

स्वातंत्र्यलढ्याचा धागा असेल तर तो खात्री करूनच जोडा. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला जमाव डाकबंगल्यावर गेला. त्याच दिवशी आष्टीत पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि माणसं हुतात्मा झाली. जुलै १९३० मध्ये पुसद परिसरात लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह केला. अशा घटनांचे खटले, अटका, जामीन कुठल्या तरी कचेरीत झालेच. पण 'आमच्या कचेरीतही क्रांतिकारकांना ठेवलं होतं' ही ऐकीव गोष्ट पुराव्याशिवाय टिपणात घातलीत आणि ती खोटी निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ऐकीव असेल तर 'गावात असं सांगतात' एवढंच लिहा.

पायरी ६ : महत्त्वाचं टिपण

आता ती दोन ओळींची फाइल डोळ्यासमोर आणा. तिच्यात घालायला आपल्याला तीन पानांचं टिपण हवं. अधिकारी तीन पानं वाचतो, तीस वाचत नाही. सुंदर, भव्य, अद्वितीय, ऐतिहासिक ठेवा असे शब्द टाळा. ज्या वाक्याच्या पुढे बोट ठेवून 'हे कुठं आहे, दाखवा' म्हणता येईल, तेच वाक्य लिहा. आमच्या टिपणातला एक परिच्छेद असा होता:

'इजलासाच्या खोलीच्या (क्र. ३) व्हरांड्याकडील भिंतीत, जमिनीपासून सात फुटांवर, हातपंख्याच्या दोरीचे भोक मूळ सागवानी चौकटीसह शाबूत आहे. चौकटीवर दोरीच्या घर्षणाची पाऊण इंच खोल खाच आहे (फोटो ३-क). खोलीतील छताचे पंख्याचे दोन्ही आकडे मूळ जागी आहेत.'

बस. त्यात विनंती नाही, भावना नाही, तरी वाचणारा उठून खोली क्रमांक तीनमध्ये गेला. पहिल्या पानावर इमारत काय आहे आणि तिच्यात शाबूत काय आहे. दुसऱ्यावर तिचा काळ, पुराव्यासह, आणि गावाशी तिचं नातं. तिसऱ्यावर आजची अवस्था आणि काय करता येईल. अवस्था लपवू नका. मागची खोली पडली असेल तर पडली आहे असं लिहा.

पायरी ७ : कुठं द्यायचं

आधी ठराव. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत, नगरपंचायत किंवा नगरपालिका असेल तर सभेत. ठरावात इमारतीचं नाव, नझूल शीट किंवा गट क्रमांक आणि 'निर्लेखनाची कार्यवाही थांबवून वारसा म्हणून जतन करावे' ही मागणी स्पष्ट हवी. नुसता 'लक्ष द्यावे' असा ठराव कुणी वाचत नाही.

मग टिपण आणि ठराव जिल्हाधिकारी, बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं नागपूर कार्यालय, अशा तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची नागपूरला शाखा आहे. वास्तू जाणणारी माणसं तिथं भेटतात.

संरक्षणाचे मार्ग दोन, आणि त्यांत गल्लत करू नका. एक, महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारकं कायद्याखाली राज्य संरक्षित स्मारक. यात आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकतींची मुदत, मग अंतिम अधिसूचना. ही वाट लांब आहे आणि साध्या तालुका कचेरीला हा दर्जा मिळणं अवघड. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली तर त्याहून अवघड, शिवाय तिथं १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी येते, त्यामुळे शेजारचे घरमालक तुमच्या विरोधात जातील. दुसरा मार्ग, नगररचनेचा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात वारसा इमारतीची कल्पना आहे आणि श्रेणी १, २, ३ अशी वर्गवारी होते. श्रेणी तीनमध्ये आतून बदल करून वापर चालू ठेवता येतो. माझ्या मते बहुतेक तालुका कचेऱ्यांसाठी हाच मार्ग योग्य. विकास आराखडा नव्यानं होत असेल तर हरकती-सूचनांच्या मुदतीत टिपण घाला. ती मुदत चुकली तर पुन्हा किती वर्षं थांबावं लागेल, सांगता येत नाही.

पायरी ८ : 'धोकादायक आहे' याला उत्तर

हा शेरा खरा असू शकतो. माणसाच्या जिवापेक्षा भिंत मोठी नाही, आणि खरोखर झुकलेल्या भागाला लगेच टेकू लावून तो बंद करायची मागणी तुम्ही स्वतःच करा. पण शेऱ्यामागे तपासणी आहे का, ते विचारा. चुना-विटांची भिंत जाणणाऱ्या अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी मागा. आरसीसीच्या नजरेनं तिला तपासलं की ती नापासच होते.

भेगांचं आमच्याकडे खास आहे. काळी कसदार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उभी भिंत तिच्याबरोबर हलते. जुन्या गवंड्यांनी म्हणूनच पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला. तरी मे महिन्यात रुंद झालेली भेग ऑगस्टमध्ये मिटते. अशा भेगेचा मे महिन्यातला फोटो अहवालात गेला की इमारत धोकादायक ठरते. त्यासाठी वर्षभर मोजायचं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं बारीक खूण, दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, शेजारी तारीख. दर महिन्याच्या एक तारखेला तेच. शिवाय भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरनं चिकटवा, भेग वाढली तर काच तडकते. आमच्या बारा महिन्यांच्या आकड्यांत भेग उघडली तेवढीच मिटली. तो एक पानाचा तक्ता टिपणाला जोडला आणि 'धोकादायक' हा शब्द पुढच्या पत्रातून गेला.

पायरी ९ : पावसाआधी

मंजुरी येईपर्यंत इमारत टिकायला हवी. यासाठी मोठा निधी लागत नाही, ताबा असलेल्या खात्याची लेखी परवानगी आणि मिस्त्री लागतो.

मेअखेर कवेलू फेरून घ्या. वानरांनी फोडलेले, सरकलेले बदला. जुने कवेलू पाडलेल्या घरांतून मिळतात, गोळा करून ठेवा. छपराचं पाणी जोत्याशी साचू देऊ नका. भिंतीपासून तीन हात उतार काढून चर खणा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर विटा निघतात. बुंध्याशी कापा, औषध लावा, मूळ मेल्यावर भोक चुन्यानं भरा. वाशांना उधई लागलीय का, ते भिंतीत शिरलेल्या टोकाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पोकळ आवाज आला तर सुताराला बोलवा.

आणि सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. सगळ्यांत जास्त नुकसान यानंच होतं, तेही चांगल्या हेतूनं. चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि अंगावरून ती सोडत राहते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल वर चढत जाते, क्षार आत साठतात, लोणा लागतो, आणि दोन-चार वर्षांत सिमेंट विटांचा पापुद्रा घेऊनच गळून पडतं. ऑइल पेंट आणि टाइल्सचंही तसंच. कळीचा चुना आणून पाण्यात विरवा, किमान पंधरा दिवस भिजू द्या. एक भाग चुना आणि वाळू-सुरखी मिळून दोन भाग. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, ती सिमेंटच्या विटांची चालत नाही. आमच्या मिस्त्रीनं त्यात बेलफळाचं पाणी घातलं, त्याच्या वडिलांची पद्धत. गिलावा आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आमच्या उन्हात झाकला नाही तर दुसऱ्याच दिवशी तडे जातात.

मिस्त्री काम करत असताना गावातली दोन पोरं त्याच्या हाताखाली लावा. आमचा मिस्त्री सत्तरीचा आहे, आणि आसपासच्या गावांत चुना मळणारा दुसरा कुणी मला अजून सापडलेला नाही.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन आत जा. प्रत्येक खोलीत कुठं ओल आली, किती, ते खोली क्रमांकानं लिहा, फोटो काढा. त्या पानाची एक प्रत कार्यकारी अभियंत्यांना, एक गावच्या वाचनालयात, एक शाळेच्या कपाटात.